मित्रराष्ट्रांतील गुपितांची देवघेव



वसंतातल्या संध्याकाळी, उघड्या मांडवात, ध्वनिक्षेपकावरून गुपितांविषयी बोलायचे यात थोडी विसंगती आहे, हे मी आधीच कबूल करतो. शिवाय मी परराष्ट्र खात्यातला मुत्सद्दी नव्हे की हेरखात्यातला अधिकारी नव्हे. मी सांगणार आहे ते सारे आता उघड झालेल्या कागदपत्रांतले आणि इतिहासग्रंथांतले आहे. तेव्हा काही सनसनाटी ऐकायला मिळेल या आशेने कोणी आले असेल, तर त्यांची निराशा होईल. तरीही हा विषय मी निवडला, कारण २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईत जी १६६ माणसे मारली गेली त्यांचा या विषयाशी संबंध आहे. तो कसा, ते शेवटी सांगेन. त्याआधी थोडे दूर, युरोप-अमेरिकेत जाऊन यावे लागेल.

आपल्याकडे म्हणतात, गुपित षट्कर्णी झाले की फुटले. दोघांचे चार कान, तोवर ठीक. तिसऱ्याचे दोन कान मिळाले की संपले. हे शहाणपण जुने आहे आणि प्रत्येक राज्यकर्त्याला ठाऊक आहे. असे असताना दोन सरकारे समोरासमोर बसतात, महिनोन् महिने वाटाघाटी करतात आणि आपली अत्यंत जपलेली गुपिते एकमेकांना देण्याचा करार करतात. हे कसे घडते? आणि या वाटाघाटींत घासाघीस होते ती नेमकी कशाची?

शेजारणीने वाटीभर साखर उसनी नेली, तर ती परत मागता येते. परत आली नाही तर पुढल्या वेळी वाटी भरायची नाही, एवढाच तोटा. गुपित मात्र एकदा दिले की परत घेता येत नाही. घेणाऱ्याने ते विसरून जावे असा हुकूम काढता येत नाही. म्हणून गुपिताच्या करारात खरी घासाघीस होते ती माहिती हाती आल्यावर घेणाऱ्याने काय करायचे नाही, यावर. ती कोणाला दाखवायची नाही, कशासाठी वापरायची नाही, कोणाच्या संमतीवाचून पुढे द्यायची नाही. माहितीच्या मोबदल्यात मिळतो तो संयमाचा शब्द. हा शब्द कशाने टिकतो आणि कशाने मोडतो, एवढेच मला आज पाहायचे आहे.

पहिला प्रसंग १९३९ सालचा. जर्मन सैन्य आपले बिनतारी संदेश ‘एनिग्मा’ नावाच्या यंत्रावर कूटलिपीत घालून पाठवीत असे. मारियन रेयेव्स्की या तरुण पोलिश गणितज्ञाने १९३२ च्या अखेरीस या यंत्राची अंतर्गत रचना गणिताने शोधून काढली. त्याला एका जर्मन कारकुनाने फ्रेंचांना विकलेल्या कागदांची मदत झाली होती आणि ते कागद फ्रेंचांनीच पोलंडला दिले होते. म्हणजे या विद्येचे अर्धे भांडवल मित्राकडून आलेले. तरीही पोलंडने पुढची सहा वर्षे फ्रान्सला पत्ता लागू दिला नाही की आपण जर्मन संदेश वाचतो आहोत.

हा कृतघ्नपणा होता काय? मला तसे वाटत नाही. एनिग्मा फुटल्याचा नुसता संशय बर्लिनला आला असता, तरी जर्मनांनी यंत्र बदलले असते आणि सहा वर्षांचे कष्ट एका रात्रीत मातीमोल झाले असते. पॅरिसमधल्या एखाद्या मंत्र्याने जेवणाच्या टेबलावर एक वाक्य जास्त बोलायचा अवकाश! पण १९३८ च्या डिसेंबरात जर्मनांनी यंत्रासाठी आणखी दोन चक्रे काढली आणि उकल करण्याचे काम दहापटीने वाढले. ते पोलंडच्या ऐपतीबाहेरचे होते. १९३९ च्या मार्चमध्ये ब्रिटनने पोलंडच्या रक्षणाची हमी दिली. त्यानंतर, २५ आणि २६ जुलैला, वॉर्साजवळच्या रानातल्या केंद्रात पोलिश अधिकाऱ्यांनी ब्रिटिश आणि फ्रेंच पाहुण्यांपुढे आपण बनविलेले एनिग्मा यंत्र उघडे करून ठेवले आणि दोघांनाही त्याची एकेक प्रत देऊ केली. ब्रिटनचा कसलेला लिपितज्ज्ञ डिली नॉक्स प्रथम संतापलाच. ज्या कोड्याने त्याला चकविले होते, ते या तरुणांनी कधीच सोडविले होते. मग त्याने मोकळ्या मनाने त्यांचे आभार मानले.

१ सप्टेंबरला महायुद्ध पेटले. म्हणजे त्या भेटीला पाच आठवडे आणि काही दिवस झाले होते. आणखी थोडा उशीर झाला असता, तर ती विद्या पोलंडबरोबरच गाडली गेली असती. गुपित फार लवकर दिले तर फुटण्याचे भय आणि फार उशिरा दिले तर ते निरुपयोगी होण्याचे भय, अशा दोन कड्यांमधून ही वाट जाते.

दुसरा प्रसंग ब्रिटन आणि अमेरिकेचा. १९४० च्या सप्टेंबरात, लंडनवर बाँब पडत असताना, सर हेन्री टिझार्ड यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ अमेरिकेत गेले. त्यांच्याबरोबरच्या काळ्या पत्र्याच्या पेटीत बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी तयार केलेला मॅग्नेट्रॉन होता. तळहातावर मावेल असा तो तांब्याचा ठोकळा अवघ्या दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी विलक्षण जोराने फेकत असे. त्याच्यामुळे विमानात बसविता येईल असे लहान रडार शक्य झाले. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. ‘आधी तुम्ही काय देता ते सांगा,’ असे म्हणण्याची सोय होती आणि तसे म्हणणारे लोक लंडनमध्ये होतेही. पण टिझार्ड यांचा आग्रह असा की आपण आधी द्यावे, बिनअट द्यावे. त्या पेटीने जो विश्वास निर्माण केला, तो घासाघिशीने निर्माण झाला नसता.

पुढे १९४१ च्या फेब्रुवारीत चार अमेरिकन अधिकारी गुपचूप इंग्लंडला आले. जपानी परराष्ट्र खात्याची ‘पर्पल’ नावाची कूटलिपी उलगडणारे यंत्र त्यांनी बरोबर आणले होते. ब्रिटिशांनी त्यांना ब्लेचली पार्क दाखविले आणि एनिग्मा आपण वाचतो हेही सांगितले. मात्र हे फक्त वरिष्ठांच्या कानावर घालायचे, असे वचन त्यांच्याकडून घेतले. युद्धात शिरल्यावर अमेरिकेला ही मोजूनमापून मिळणारी माहिती अपुरी वाटू लागली. ब्रिटनला मात्र धास्ती अशी, की अमेरिकेतली खाती एकमेकांशी भांडतात आणि तिथे गोष्टी फुटतात. संशय दोन्हीकडून होता. १९४२ च्या नोव्हेंबरात ॲलन ट्यूरिंग अमेरिकेत गेले. आपल्या काळातले ते मोठे गणितज्ञ आणि एनिग्मावरच्या ब्रिटिश कामाचे एक आधारस्तंभ. पण बेल प्रयोगशाळेतल्या ध्वनिगुप्ततेच्या यंत्राजवळ त्यांना जाऊ द्यावे की नाही, यावर दोन महिने खल चालला. फील्डमार्शल डिल यांनी जनरल मार्शल यांच्याकडे रदबदली केली, तेव्हा १९४३ च्या जानेवारीत दार उघडले. एका गणितज्ञाला एका खोलीत जाऊ द्यायचे, तर प्रकरण सरसेनापतीपर्यंत जाते!

हे हास्यास्पद वाटते. पण यामागे एक खरी अडचण आहे. बातमी आणि बातमीचा उगम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बातमी वापरली की उगम उघडा पडण्याचा धोका असतो. १८ एप्रिल १९४३ रोजी अमेरिकन विमानांनी ॲडमिरल यामामोटो यांचे विमान पाडले. त्यांच्या दौऱ्याचे वेळापत्रक कूटसंदेश उलगडून कळले होते. ‘आमचा सेनापती नेमका त्या घटकेला तिथे असणार हे शत्रूला कळले कसे?’ हा प्रश्न जपानी नौदलाने नेटाने विचारला असता, तर एका विमानाच्या मोबदल्यात सारा प्रशांत महासागर अमेरिकेला पुन्हा अंधारात चाचपावा लागला असता. म्हणूनच ब्रिटिशांचा दंडक असा, की उलगडलेल्या संदेशावरून हल्ला करायचा तर आधी टेहळणीचे एखादे विमान शत्रूच्या नजरेस पडेल असे पाठवायचे. शत्रूला वाटावे की आपण विमानाला दिसलो.

१७ मे १९४३ रोजी दोन्ही देशांत करार झाला. जपानचा मुख्य भार अमेरिकेने उचलायचा, जर्मनी-इटलीचा ब्रिटनने; आणि मिळालेली माहिती किती जणांनी, कशी हाताळायची याचे बारीक नियम त्याला जोडले. ५ मार्च १९४६ रोजी त्याचा शांततेतला अवतार वॉशिंग्टनमध्ये सही होऊन सिद्ध झाला. पुढे कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड त्यात आले आणि पाच देशांचे कुटुंब झाले. त्या मसुद्यातली दोन कलमे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. एक, देवघेव सर्व कामाची करायची, अपवाद अगदी थोडे ठेवायचे, आणि तिसऱ्याला द्यायचे ते संमतीनेच. दुसरे, असा करार अस्तित्वात आहे हेसुद्धा कोणा तिसऱ्याला सांगायचे नाही. तो मसुदा दोन्ही सरकारांनी अधिकृतपणे प्रसिद्ध केला तो २०१० च्या जूनमध्ये, म्हणजे चौसष्ट वर्षांनी.

आता याच दोन देशांची, त्याच वर्षांतली दुसरी कहाणी पाहा. ती अणुबाँबची आहे. १९४१ च्या ऑक्टोबरात रूझवेल्टनी चर्चिलना पत्र लिहून हे काम मिळून करण्याचे सुचविले. ब्रिटिश तेव्हा संशोधनात पुढे होते, त्यामुळे त्यांनी थंडपणे उत्तर दिले. वर्षभरात अमेरिकेने अफाट पैसा आणि माणसे ओतून त्यांना मागे टाकले आणि १९४३ च्या आरंभी ब्रिटिशांनाच दारात ताटकळत ठेवले. चर्चिलनी पुष्कळ खटपट केली, तेव्हा १९ ऑगस्ट १९४३ रोजी क्वेबेक येथे करार झाला. हे अस्त्र एकमेकांविरुद्ध वापरायचे नाही, परस्परांच्या संमतीवाचून तिसऱ्यावर टाकायचे नाही आणि तिसऱ्याला त्याची माहिती द्यायची नाही. १९४४ च्या सप्टेंबरात हाइड पार्क येथे दोघांनी आणखी एक टिपण केले, की जपानच्या पराभवानंतरही हे सहकार्य पूर्णपणे चालू राहावे.

१२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट वारले. ब्रिटिशांनी त्या टिपणाची आठवण करून दिली, तर अमेरिकेच्या दप्तरात त्यांची प्रत सापडेना! ती भलत्याच फायलीत जाऊन बसली होती आणि काही वर्षांनी हाती लागली. तोवर १ ऑगस्ट १९४६ रोजी ट्रूमननी मॅकमेहन कायद्यावर सही केली होती. त्या कायद्याने अणुविद्येची माहिती कोणत्याही परराष्ट्राला देणे गुन्हा ठरविले. मित्र आणि शत्रू असा भेद त्यात नव्हता. ज्या सिनेटर मॅकमेहन यांच्या नावाने तो कायदा ओळखला जातो, त्यांच्यापुढे क्वेबेकचा करार मांडलेलाच नव्हता.

गुपित जपण्यासाठी करार गुप्त ठेवला, आणि करार गुप्त होता म्हणूनच तो मोडला. सही करणाऱ्या दोन माणसांपैकी एक मृत्यू पावला, दुसरा निवडणूक हरला, आणि शब्द पाळण्याचे ओझे ज्या लोकसभांवर येऊन पडले, त्यांना असा शब्द दिला गेल्याचे ठाऊकच नव्हते. पुढे १९५० साली क्लाउस फुक्स हा ब्रिटिश गटातला शास्त्रज्ञ रशियाचा हेर निघाला, तेव्हा अमेरिकेतल्या संशयाला आयतेच बळ मिळाले. ब्रिटनने १९५२ साली आपल्या बळावर अणुबाँब केला, १९५७ साली हायड्रोजन बाँबही केला. त्याच वर्षी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. तेव्हा कुठे ३ जुलै १९५८ रोजी नवा करार झाला. तो अमेरिकन काँग्रेसपुढे ठेवून, कायद्यात दुरुस्ती करून झाला. आणि तो टिकला.

येथे एक आक्षेप निघेल आणि तो रास्त आहे. १९४६ चा संदेशलिपीचा करार तर आणखी गुप्त होता; तो कसा टिकला? मला दोन कारणे दिसतात. पहिले असे, की तो दोन नेत्यांच्या मैत्रीवर उभा नव्हता. दोन्हीकडचे अधिकारी रोज एकमेकांच्या शेजारी बसून काम करीत होते. ही सवय कागदाहून बळकट ठरली. दुसरे असे, की त्याची किंमत चुकली नाही, फक्त उशिरा चुकवावी लागली. २०१३ च्या जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी कागद बाहेर काढले आणि या यंत्रणा सामान्य नागरिकांचे दूरध्वनी आणि पत्रव्यवहार किती प्रमाणात गोळा करीत होत्या, ते जगाला कळले. मग अमेरिकेत २०१५ साली आणि ब्रिटनमध्ये २०१६ साली नवे कायदे करावे लागले. लोकांना आधी विश्वासात घेतले असते, तर तो गदारोळ इतका झाला नसता.

हीच गोष्ट आशियात, अलीकडच्या काळात, जपान आणि दक्षिण कोरियाच्या बाबतीत दिसली. दोघेही अमेरिकेचे मित्र. दोघांनाही भीती उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांची. माहितीची देवघेव करण्यात दोघांचा उघड लाभ. पण मध्ये १९१० ते १९४५ ही जपानी अमलाची पस्तीस वर्षे उभी होती. २०१२ साली सोलच्या मंत्रिमंडळाने गाजावाजा न करता करार मंजूर केला. बातमी फुटली, लोक खवळले, आणि २९ जूनला सहीच्या वेळेआधी तासभरही उरला नसताना समारंभ रद्द झाला. करार झाला तो २३ नोव्हेंबर २०१६ रोजी. २०१९ साली जुन्या वेठबिगारीच्या भरपाईवरून आणि व्यापारी निर्बंधांवरून भांडण पेटले. कोरियाने ऑगस्टमध्ये करार संपविण्याची नोटीस दिली आणि २२ नोव्हेंबरला, मुदत मध्यरात्री संपणार असताना, काही तास आधी ती थांबवून धरली. २०२३ च्या मार्चमध्ये करार पुन्हा सुरळीत झाला. क्षेपणास्त्र निघाल्यावर मिनिटे मोजायची असतात. पण माणसांच्या मनातले हिशेब पिढ्यांचे असतात. ते हिशेब बाजूला सारून मुत्सद्द्यांनी बंद खोलीत सही केली, तर ती सही लोक पुसून टाकतात.

आता आपण मुंबईला येऊ. २६ नोव्हेंबर २००८. त्या रात्रीची वर्णने मी पुन्हा करीत नाही. येथे बसलेल्यांपैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे ती असतील. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या शोधवृत्तानुसार, हल्ल्यापूर्वी ब्रिटन, अमेरिका आणि भारत या तिघांच्याही यंत्रणांकडे कटाचे काही काही धागे होते. पण ते एकमेकांना वेळेवर जोडले गेले नाहीत. नकाशाचे तुकडे तीन कपाटांत, आणि प्रत्येक कपाटाची किल्ली वेगळ्या कमरेला. याचा सारा दोष परक्यांवर टाकून मोकळे होणेही खरे नव्हे. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने दाखवून दिले, की धोक्याच्या सूचना येत होत्या. त्यांची छाननी करून पुढे कृती करण्याची आपली घरची व्यवस्थाच विस्कळीत होती. शेजाऱ्याने साद घातली तरी घरात जागे कोणी हवे!

हल्ल्याआधी मुंबईत येऊन जागांची पाहणी करून गेलेला डेव्हिड हेडली २००९ च्या ऑक्टोबरात शिकागोत पकडला गेला. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याबदली त्याला भारताच्या स्वाधीन करायचे नाही, असे तेथील सरकारने मान्य केले. आपल्या अधिकाऱ्यांना त्याची जबानी घेता आली ती २०१० च्या जूनमध्ये, शिकागोला जाऊन. आणि मुंबईच्या न्यायालयापुढे दृक्श्राव्य यंत्रणेवरून त्याची साक्ष झाली ती २०१६ च्या फेब्रुवारीत. ज्या घरातली माणसे गेली त्या घराने हे किती वर्षे ऐकत बसायचे? मघाशी मी संयमाच्या शब्दाविषयी बोललो. त्या शब्दाची दुसरी बाजू ही आहे. गुपिताचा मालक ठरवील तेव्हा आणि ठरवील तेवढेच मित्राला मिळते.

आपल्या देशाने या दिशेने पावले टाकली आहेत. लष्करी माहिती गुप्त राखण्याचा करार अमेरिकेशी २००२ साली झाला. सुरक्षित संदेशयंत्रणेचा २०१८ च्या सप्टेंबरात. नकाशे आणि भूस्थानविषयक माहितीचा २०२० च्या ऑक्टोबरात. यांपैकी दुसरा करार कित्येक वर्षे रखडला होता. परक्याची यंत्रे आपल्या जहाजांवर बसविली तर आपली जहाजे कोठे आहेत ते परक्याला दिसणार काय, अशी शंका आपल्याकडे घेतली गेली. मसुदा भारतापुरता वेगळा करून, नावही बदलून, मग तो झाला. रखडणे म्हणजे नेहमीच दिरंगाई नव्हे. शंका सहीच्या आधी विचारलेली बरी.

श्रोतेहो, या साऱ्यातून मला एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. गुपिते गुप्तच राहिली पाहिजेत. कोणत्या संदेशाचा उलगडा झाला हे चव्हाट्यावर सांगा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण देवघेवीचे नियम गुप्त असू नयेत. आपले सरकार कोणाशी, कोणत्या प्रकारची माहिती वाटून घेते. ती कोणत्या कामाला वापरायची नाही असे ठरले आहे. आणि शब्द मोडला तर दाद कोणापुढे मागायची, हे तीन प्रश्न लोकसभेत उघडपणे विचारता आले पाहिजेत. क्वेबेकच्या कागदाचे जे झाले, ते हे प्रश्न कोणाला विचारताच आले नाहीत म्हणून झाले.

वॉर्साजवळच्या त्या रानात पोलंडच्या लोकांनी यंत्र उघडे केले तेव्हा त्यांच्या हातात देश वाचविण्याइतका वेळ राहिला नव्हता. पण त्यांनी दिलेल्या विद्येने पुढे अटलांटिकवर किती जहाजे आणि किती खलाशी वाचले! आपले गेले तरी मित्राचे वाचावे, असे समजून दिलेले ते देणे होते. असा मित्र लाभणे हे नशीब. आणि तो लाभला तर त्याने टाकलेला विश्वास पेलण्याइतकी आपल्या घराची घडी नीट असणे, हे मात्र आपल्या हातात आहे.